वाळवंट ओलांडले, घराजवळ घात झाला

‘अरेबियाचा लॉरेन्स’ हे नाव आपल्याकडे बहुतेकांना १९६२ च्या इंग्रजी चित्रपटामुळे माहीत आहे. उंट, वाळू आणि पांढरा अरबी झगा, एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. तो चित्रपट मात्र वाळवंटात सुरू होत नाही. इंग्लंडमधल्या एका साध्या गावरस्त्यावर, मोटारसायकलच्या अपघाताने त्याची सुरुवात होते. बायको-मुलांना घेऊन दुचाकीवर सहलीला निघणाऱ्यांनी या माणसाच्या आयुष्याकडे पाहायला हवे ते त्या शेवटाकडून.

थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समधील ट्रेमाडॉग या गावी झाला. ऑक्सफर्डला शिकत असताना त्याने १९०८ च्या उन्हाळ्यात सायकलवरून फ्रान्समधले किल्ले पालथे घातले. पुढच्याच वर्षी सीरियातले किल्ले पाहण्यासाठी सुमारे हजार मैलांची पायपीट केली. तिकडे जाण्याआधी त्याने अरबी भाषेचे धडे घेतले होते. तयारीशिवाय पाऊल उचलायचे नाही, हा त्याचा तेव्हापासूनचा स्वभाव.

पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध उठलेल्या अरबांच्या मदतीला तो गेला. मे १९१७ मध्ये थोडक्या माणसांनिशी वाळवंट ओलांडून अकाबा बंदरावर मागच्या बाजूने चाल करण्याची मोहीम निघाली. प्रत्येकाच्या उंटावर सुमारे २० किलो पीठ होते, सहा आठवडे पुरेल असा हिशेब करून घेतलेले. मुक्काम विहिरींच्या अंतरावर बेतले होते. वाटेत गासिम नावाचा एक जण मागे राहिला आणि त्याचा रिकामा उंटच पुढे आल्याचे उशिरा ध्यानात आले. लॉरेन्स एकटा मागे फिरला आणि त्याला घेऊन आला. ६ जुलै १९१७ रोजी अकाबा पडले.

युद्धानंतर प्रसिद्धीला कंटाळून तो १९२२ मध्ये खोटे नाव घेऊन ब्रिटिश हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. १९२७ च्या सुरुवातीला त्याची बदली कराचीला झाली. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. तिथे तो इंजिन दुरुस्ती विभागात कारकुनी करत असे. पुढे वझिरिस्तानातल्या मीरानशाहला असताना, अफगाणिस्तानातल्या उठावामागे त्याचाच हात असल्याच्या वावड्या वर्तमानपत्रांतून उठल्या. सरकारने त्याला परत बोलावले आणि जानेवारी १९२९ मध्ये तो मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ जहाजाने मायदेशी निघाला.

त्यानंतरचे त्याचे काम फारसे कोणाला ठाऊक नसते. फेब्रुवारी १९३१ मध्ये प्लायमथजवळ हवाई दलाचे एक विमान समुद्रात कोसळले, तेव्हा लॉरेन्स मदतकार्यात होता. पाण्यात पडलेल्या माणसाला किती मिनिटांत बाहेर काढले, यावर त्याचे जगणे ठरते आणि हवाई दलाच्या बोटी तर मंद आहेत, हे त्याला डाचत राहिले. पुढची काही वर्षे त्याने वेगवान बोटी तयार करण्याच्या, त्यांच्या चाचण्यांच्या आणि त्या चालवायला शिकवण्याच्या कामाला वाहून घेतले. अपघातानंतरचा पहिला तास आज वैद्यकात ‘गोल्डन अवर’ म्हणून ओळखला जातो. त्या तासाचे मोल या माणसाला डॉक्टर नसतानाही कळले होते.

मोटारसायकल हा त्याचा जीव की प्राण. ‘ब्रफ सुपिरिअर’ या त्या काळच्या महागड्या कंपनीच्या सात गाड्या त्याने एकामागून एक वापरल्या. फेब्रुवारी १९३५ मध्ये हवाई दलातली नोकरी संपली आणि तो डॉर्सेटमधल्या आपल्या छोट्या घरी राहायला आला. १३ मे रोजी तो जवळच्या बोव्हिंग्टन लष्करी छावणीतल्या टपाल कार्यालयात तार करायला गेला. परतीचे अंतर जेमतेम दोन-अडीच किलोमीटर आणि रस्ता रोजच्या पायाखालचा. मध्ये एक उतार होता आणि त्यात सायकलवरून जाणारी दोन मुले दुरून दिसली नाहीत. त्यांना चुकवताना गाडी घसरली आणि लॉरेन्स हँडलवरून पुढे फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवस तो बेशुद्ध होता आणि १९ मे रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी गेला.

वाळवंटासाठी पिठाचा हिशेब करणाऱ्या माणसाने टपाल कार्यालयाच्या फेरीसाठी काहीच तयारी केली नव्हती. ती लागते असे तेव्हा कोणालाच वाटत नसे.

त्याच्यावर उपचार करायला आलेल्यांत मेंदूचे शल्यविशारद डॉ. ह्यू केर्न्स होते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे केर्न्स अमेरिकेत हार्वी कुशिंग यांच्या हाताखाली शिकलेले. रुग्ण वाचवता आला नाही, पण प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. १९४१ मध्ये त्यांनी दुचाकीस्वारांच्या डोक्याच्या जखमांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २२७९ दुचाकीस्वार आणि मागे बसणारे रस्त्यांवर मृत्युमुखी पडले होते. केर्न्स यांना हेल्मेट घातलेले जखमी फक्त सात सापडले आणि ते सातही वाचले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने आपल्या दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण कसे घटले, हे केर्न्स यांनी १९४६ मध्ये दाखवले. सामान्य नागरिकांसाठी मात्र ब्रिटनमध्ये सक्ती यायला १९७३ उजाडले.

हेल्मेट नेमके काय करते? मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोके रस्त्यावर आपटून थांबते, पण मेंदू क्षणभर पुढेच जात राहतो आणि कवटीवर आदळतो. हेल्मेटच्या आतला जाड फोमचा थर चेपला जातो, त्यामुळे डोके किंचित सावकाश थांबते आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. हनुवटीचा पट्टा लावला नसेल, तर हेल्मेट आधी उडते आणि डोके मागून आपटते.

आता भिवंडीकडे वळू. कसारा घाटातून नाशिक किंवा मुरबाडमार्गे माळशेज गाठायचा असेल, तर घरात तयारी सुरू होते. हवा, ब्रेक, दिवे तपासले जातात, हेल्मेट निघते. पण अंबाडी नाक्यावरून वज्रेश्वरी-गणेशपुरीला जायचे असेल, तर इथेच तर आहे, असे म्हणून मूल पुढे टाकीवर, पत्नी मागे आणि हेल्मेट आरशाला अडकवलेले. कंटेनर, खड्डे, वळणावरची खडी मात्र त्या रस्त्यावरही असतातच. लॉरेन्सचा अपघात असल्याच ‘इथल्या’ रस्त्यावर झाला होता.

कायद्यानुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट आवश्यक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी मापाचे हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा सुरक्षापट्टा लागतो, तसेच वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे घ्यावे. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून ठीक दिसले तरी बदलावे.

लांबच्या सहलीसाठी वाटेतल्या रुग्णालयांची नावे कागदावर लिहून घ्यावीत, कारण घाटात मोबाइलला रेंज असेलच असे नाही. अंधार पडण्याआधी मुक्काम गाठता येईल असा बेत आखावा आणि दर दीड-दोन तासांनी थांबावे. तीन-चार गाड्या असतील, तर सर्वांत अनुभवी चालक शेवटी ठेवावा आणि प्रत्येक थांब्यावर माणसे मोजावीत. गासिमसारखे कोणी मागे राहिले, तर ते लगेच कळले पाहिजे. प्रत्येकाच्या खिशात नाव, रक्तगट, चालू औषधे आणि नातेवाइकाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.

प्रथमोपचार मागे बसणाऱ्यानेही शिकायला हवेत, कारण चालवणाराच जखमी होण्याची शक्यता असते. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स या संस्था असे वर्ग घेतात. पेटीत हातमोजे, निर्जंतुक गॉज, रोलर बँडेज, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, कात्री आणि टॉर्च असावा. ती सामानाच्या तळाशी नको, चटकन हाती लागेल अशी हवी.

अपघात झाल्यास आधी मागून येणारी वाहने थांबवा, मग १०८ किंवा ११२ ला फोन करा. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा आणि सारखे उघडून पाहू नका. जखमीचा श्वास नीट चालू असेल, तर हेल्मेट काढू नका. श्वास अडला असेल तरच काढा, तेही दोघांनी: एकाने डोके आणि मान स्थिर धरायची, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट अलगद ओढायचे. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. हात-पाय धरून त्याला रिक्षात कोंबू नका. श्वास चालू असून उलटी होत असेल, तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा. श्वास थांबला असेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा. मदत करणाऱ्याला पोलिसांच्या ससेमिऱ्यापासून कायद्याचे संरक्षण आहे.

डोक्याला मार लागूनही माणूस उठून बोलू लागला, तरी निर्धास्त होऊ नये. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असेल, तर काही तासांनी गुंगी येते, वारंवार उलट्या होतात, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी होते. यातले एकही लक्षण दिसले, तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. लॉरेन्सच्या काळी ही तपासणी नव्हती. आज वेळेत निदान झाले, तर शस्त्रक्रियेने साचलेले रक्त काढून अशा रुग्णाला वाचवता येते.