बेन्सनसाहेबांची गोगलगाय
पावसाळ्यात मुंबई-वसईच्या बागांत दिसणारी आफ्रिकन शंखी गोगलगाय भारतात आली ती, नवल म्हणजे, गोगलगायींच्याच एका व्यासंगी अभ्यासकाच्या हातून. विल्यम हेन्री बेन्सन (१८०३-१८७०) हे ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी. अनेक भारतीय प्रजातींचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांचेच. १८४७ मध्ये त्यांनी मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कलकत्त्याच्या चौरंगीतील बागेत सोडल्या गेल्या. बेन्सन निवर्तले, त्यांच्या पाहुण्या मात्र पसरतच राहिल्या. इतरत्र याच प्रजातीच्या बंदोबस्तासाठी हवाईत १९५५ मध्ये आणि मोरिया बेटावर १९७७ मध्ये शिकारी गोगलगाय सोडण्यात आली. तिने फडशा पाडला तो झाडांवरच्या स्थानिक गोगलगायींचा. मोरियावरील पार्टुला दहा वर्षांत जवळजवळ नामशेष झाल्या. प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या पार्टुलांची पिल्ले २०१५ पासून त्या बेटांवर पुन्हा सोडली जात आहेत.