वॉल्डन तळ्याकाठी

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात काँकॉर्ड नावाचे लहानसे गाव आहे. १८४५ सालच्या मार्चअखेर त्या गावच्या एका तरुणाने एक कुऱ्हाड उसनी घेतली आणि तो जवळच्या वॉल्डन तळ्याकाठच्या रानात शिरला. तळ्यावरचे बर्फ अद्याप पुरते वितळले नव्हते. पाइनची सरळसोट झाडे तोडून व तासून तो घराचे वासे तयार करू लागला. काम संपल्यावर त्याने कुऱ्हाड परत केली, तेव्हा तिची धार पहिल्यापेक्षा तीक्ष्ण होती. हा तरुण म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो.

थोरोचा जन्म १२ जुलै १८१७ रोजी काँकॉर्ड येथेच झाला. त्याचे वडील शिसपेन्सिली तयार करीत. १८३७ मध्ये हार्वर्ड येथील शिक्षण संपवून तो गावच्या शाळेत शिक्षक झाला. परंतु मुलांना छडी मारण्याचा आग्रह होऊ लागताच थोड्याच दिवसांत त्याने ती नोकरी सोडली. पुढे जॉन या वडील भावाबरोबर त्याने स्वतःची शाळा चालविली. १८४२ च्या जानेवारीत वस्तऱ्याने झालेल्या क्षुल्लक जखमेतून धनुर्वात होऊन जॉन मरण पावला. थोरोच्या जीवनातील हा सर्वांत मोठा आघात होय. दोघांनी १८३९ साली होडीतून केलेल्या प्रवासावर पुस्तक लिहावे, असे त्याच्या मनात घोळू लागले. पण त्यासाठी हवा असलेला निवांतपणा गावात मिळेना.

आजूबाजूला पाहावे तो शेतकरी कर्जाने वाकलेले, आणि सधन माणसे आपल्याच सामानसुमानाची राखण करीत बसलेली. माणसाला जगण्यास खरोखर किती लागते, हा प्रश्न त्याने इतरांना विचारला नाही. तो स्वतःवरच प्रयोग करून पाहावयाचा, असे त्याने ठरविले. इमर्सन हा थोर विचारवंत त्याचा स्नेही होता. तळ्याकाठची थोडी जमीन इमर्सनच्या मालकीची होती, तेथेच थोरोने झोपडी बांधली. एका आयरिश मजुराची जुनी खोपटी सव्वाचार डॉलरना विकत घेऊन त्याने तिच्या फळ्या वापरल्या. झोपडी १५ फूट लांब व १० फूट रुंद होती, आणि तिला एकंदर २८ डॉलर साडेबारा सेंट खर्च आला. हार्वर्डच्या विद्यार्थ्याला त्या काळी नुसत्या खोलीचे वर्षाचे भाडे ३० डॉलर पडत असे!

४ जुलै १८४५ रोजी तो तेथे राहावयास गेला. पहाटे तळ्यात स्नान करावे, अडीच एकरांतील घेवड्याच्या शेतात अनवाणी खुरपणी करावी, आणि मग लेखन-वाचन करावे, असा त्याचा क्रम असे. कधी तो सकाळपासून दुपारपर्यंत उंबरठ्यावर स्तब्ध बसून राही. त्याच्या या प्रातःस्नानाला आणि मौनाला उपासनेचेच रूप आले होते. मेजावर त्याने चुनखडीचे तीन दगड ठेवले होते. त्यांवरील धूळ रोज झटकावी लागते असे दिसताच त्याने ते खिडकीतून बाहेर फेकून दिले. भगवद्गीतेचे विल्किन्सकृत इंग्रजी भाषांतर तो मोठ्या आदराने वाची. १८४६-४७ च्या हिवाळ्यात मजूर तळ्यावरचे बर्फ कापू लागले. त्या प्रांतातील तळ्यांचे बर्फ तेव्हा जहाजांतून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे विकावयास जात असे. ते पाहताना थोरोला वाटे, आपल्या विहिरीचे पाणी गंगेच्या पाण्यात मिसळत आहे.

हा वनवास मात्र जगाकडे पाठ फिरविण्याचा नव्हता. थोरो वरचेवर गावात जाई आणि आईच्या घरी जेवूनही येई. टीकाकार त्याबद्दल त्याला हसतात; परंतु त्याने ही गोष्ट कधी लपविली नाही, आणि संन्यासी म्हणूनही तो कधी मिरवला नाही. १८४६ च्या जुलैत गुलामगिरीला थारा देणाऱ्या सरकारला कर न दिल्यामुळे त्याने एक रात्र तुरुंगात काढली. दुसऱ्या कोणी कर भरल्याने त्याची सुटका झाली, आणि तो प्रथम आवडला नाही तो त्यालाच! या अनुभवावरील त्याचा निबंध पुढे दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या वाचनात आला.

वॉल्डन तळ्याला तळच नाही, अशी गावात समजूत होती. थोरोने दोरीला दगड बांधून जागोजाग खोली मोजली. ती अधिकात अधिक १०२ फूट भरली. घरखर्चही त्याने याच काटेकोरपणे मोजला. वर्षातून सुमारे सहा आठवडे अंगमेहनत केली की उदरनिर्वाह होतो आणि उरलेले वर्ष आपले राहते, असे त्याला आढळले.

६ सप्टेंबर १८४७ रोजी त्याने झोपडी सोडली. भावाच्या आठवणीने लिहिलेले पुस्तक १८४९ मध्ये निघाले. छापलेल्या हजार प्रतींपैकी ७०६ न खपता त्याच्याच घरी परत आल्या. ‘वॉल्डन’ त्याने वर्षानुवर्षे पुनःपुन्हा लिहिले आणि १८५४ मध्ये प्रसिद्ध केले. क्षयाने ६ मे १८६२ रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, त्याचा अंत झाला. झोपडी त्यापूर्वीच तेथून हलविली गेली होती. एका शेतावर तिच्यात धान्य साठविले जाई, आणि पुढे ती मोडण्यात आली. १९४५ साली, तिच्या उभारणीला शंभर वर्षे होत असताना, तळ्याकाठी खणताना तिच्या धुराड्याच्या पायाचे दगड सापडले.