संत गोन्सालो गार्सिया : सागरी व्यापारमार्गावरचा वसईकर

संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव वसईतील कोणत्याही ख्रिस्ती घरात अपरिचित नाही. त्यांच्या क्रूसमरणाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु सोळाव्या शतकात वसईतील एक कोवळा मुलगा थेट जपानला पोहोचला तरी कसा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर त्या काळच्या दर्यावर्दी व्यापारात आहे.

वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरले. पोर्तुगीजांनी १५११ साली मलाक्का जिंकले, १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळवली आणि १५४३ साली त्यांचे व्यापारी जपानच्या किनाऱ्याला लागले. १५५७ साली चीनच्या किनाऱ्यावर मकाव येथे त्यांची वसाहत झाली. त्याच सुमारास वसईत गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच.

चीनच्या मिंग सम्राटांनी आपल्या प्रजेला जपानशी व्यापार करण्यास बंदी घातली होती. जपानला चिनी रेशीम हवे होते आणि त्याच्याकडे चांदी विपुल होती. या दोहोंमधील दलाली पोर्तुगीजांच्या हाती आली. गोव्याहून निघालेले मोठे जहाज मलाक्कामार्गे मकावला जाई, तेथे रेशीम भरून घेई आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर जपान गाठी. परतीसाठी ईशान्येच्या वाऱ्याची वाट पाहावी लागे. संपूर्ण फेरीला दोन-तीन वर्षे सहज लागत. १५७१ पासून नागासाकी हे या व्यापाराचे मुख्य बंदर झाले. धर्मगुरूही याच जहाजांतून जात. एवढेच नव्हे, तर येशूसंघाच्या जपानमधील मिशनचा बराचसा खर्च रेशमाच्या व्यापारातील वाट्यावर भागत असे.

वसईच्या येशूसंघीयांकडे शिकलेले गोन्सालो १५७२ च्या सुमारास फादर सेबास्तियांव गोन्साल्विस यांच्यासमवेत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की सुमारे आठ वर्षे ते धर्मशिक्षक म्हणून लोकप्रिय ठरले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा मात्र पूर्ण झाली नाही. दुखावलेल्या मनाने ते व्यापाराकडे वळले.

चरित्रकार हा काळ एका वाक्यात उरकतात. प्रस्तुत लेखकास ते योग्य वाटत नाही. अनेक बंदरांत पसरलेल्या त्या व्यापारात त्यांना बाजारपेठा, सरदार आणि अधिकारी जवळून पाहता आले असणार. पुढे त्यांनी जे कार्य केले, त्याला हाच अनुभव उपयोगी पडला असावा.

व्यापार भरभराटीला आलेला असताना ते फिलिपाइन्समधील मनिला येथे गेले आणि सर्व सोडून फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले. मनिला हे स्पेनचे बंदर होते. तेथून मेक्सिकोतील आकापुल्कोला जहाजे जात. १५८० पासून पोर्तुगाल आणि स्पेन यांचा राजा एक असला, तरी दोन्ही देशांचे व्यापारी एकमेकांना पाण्यात पाहत. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८५ साली जपानचे कार्यक्षेत्र येशूसंघाकडे राखून ठेवले होते. त्यामुळे १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कन जपानला गेले ते मनिलाच्या गव्हर्नरचे राजदूत म्हणून. दुभाषे होते बंधू गोन्सालो. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ सालीच मिशनऱ्यांना हद्दपारीचा हुकूम दिला होता. परंतु व्यापार गमवावयाचा नसल्याने त्याची अंमलबजावणी ढिली होती. त्याने या मंडळींना राहू दिले. क्योतो येथे त्यांनी मठ, चर्च आणि रुग्णसेवेचे कार्य उभारले.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून आकापुल्कोला निघालेले सान फेलिपे हे मौल्यवान मालाने भरलेले जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्यावर फुटले. हिदेयोशीने माल जप्त केला. मिशनरी हे स्पॅनिश सैन्याचे अग्रदूत असतात, असे जहाजाच्या सुकाणूदाराने सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. फ्रान्सिस्कनांनी दोष पोर्तुगीजांना दिला, तर येशूसंघीयांनी सुकाणूदाराला. ख्रिस्तसभेच्या दोन संघांतील हा वाद दुःखद होता, हे मान्य केले पाहिजे.

शिक्षा मात्र दोन्ही संघांना एकत्रच भोगावी लागली. ६ फ्रान्सिस्कन, ३ जपानी येशूसंघीय आणि १७ जपानी प्रापंचिक ख्रिस्ती, असे २६ जण होते. क्योतो येथे कैद्यांचे डावे कान कापण्यात आले. ऐन हिवाळ्यात त्यांना शेकडो मैल चालवत नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्यांना क्रूसावर चढवून भाल्यांनी ठार मारण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या आसपास होते. ज्या बंदरात मकावचे रेशीम उतरे, ते त्या टेकडीवरून दिसते.

मकावची जहाजे त्यानंतरही चाळीसेक वर्षे त्या बंदरात येत राहिली. १६३९ साली जपानने पोर्तुगीजांना कायमची बंदी केली. पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली गोन्सालो यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून ते ओळखले जातात. निशिझाका टेकडीवर १९६२ साली उभारलेल्या स्मारकात २६ रक्तसाक्ष्यांच्या ब्राँझच्या मूर्ती एका रांगेत आहेत. त्यांपैकी एक आपल्या वसईकराची आहे.