विश्लेषण : खडकीचा सर्वोत्तम रिक्रूट ते परमवीर... रामा राघोबा राणे यांच्या लष्करी आयुष्यातला सर्वात कठीण टप्पा कोणता?

लष्करात भरती व्हायचे म्हटले की डोळ्यांसमोर येते ती धावण्याची चाचणी आणि त्यानंतरचे प्रशिक्षण. पहाटेची पळापळ, कवायत, उस्तादांचा दरारा. सोशल मीडियावरच्या बहुतेक व्हिडीओंत सैनिकी आयुष्य तिथेच संपते. प्रत्यक्षात खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते. ती कशी असते, हे समजून घ्यायचे तर मेजर रामा राघोबा राणे यांचे आयुष्य पाहावे. शिपाई म्हणून भरती झालेले, पुण्याजवळच्या खडकीतून पुढे गेलेले आणि परमवीर चक्र मिळूनही आपल्याकडे फारसे ठाऊक नसलेले हे नाव आहे. १० जुलै १९४० रोजी ते सैन्यात दाखल झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

राणे कोण होते?

जन्म २६ जून १९१८ चा. कुटुंब कारवारजवळच्या चेंडिया गावचे. हा भाग तेव्हा मुंबई प्रांतात होता. वडील पोलिसांत होते. त्यांची बदली होईल तशी मुलाची शाळाही बदलायची. १९३० मध्ये देशभर सविनय कायदेभंगाची चळवळ पेटली, तेव्हा १२ वर्षांचा रामा तिच्याकडे ओढला गेला. सरकारी पोलिसाच्या घरात ही गोष्ट परवडणारी नव्हती. वडिलांनी घाबरून बिऱ्हाड गावी हलवले.

दहा वर्षांनी हाच मुलगा ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत भरती झाला. यात विसंगती शोधता येईल, पण त्या पिढीतल्या शेकडो घरांची हीच गोष्ट आहे. युद्ध सुरू होते, भरती जोरात होती.

सफरमैना म्हणजे काय?

राणे ज्या दलात गेले ते बॉम्बे सॅपर्स. जुन्या मराठीत सॅपर्स अँड मायनर्सचा अपभ्रंश होऊन सफरमैना हा शब्द रुळला. शत्रूच्या किल्ल्याच्या दिशेने चर खणत जाणारा तो सॅपर आणि तटाखाली सुरुंग पेरणारा तो मायनर. आजही हे सैन्याचे इंजिनीअर आहेत. पायदळाला पुढे जाता यावे म्हणून पूल बांधणे, रस्ता करणे, सुरुंग काढणे हे त्यांचे काम. माघार घ्यावी लागली तर तेच पूल उडवून देण्याचे कामही त्यांच्याकडेच. खडकी हे बॉम्बे सॅपर्सचे घर.

सॅपरचे प्रशिक्षण दुहेरी असते. आधी तो सैनिक होतो, म्हणजे कवायत, शारीरिक कसरत, रायफल आणि शिस्त. मग त्याला कारागिरी शिकावी लागते. गाठी मारणे, पूल जोडणे, स्फोटके हाताळणे, सुरुंग पेरणे आणि काढणे. यात दुसरा भाग अधिक कठीण असतो, कारण तिथे नुसता दम चालत नाही, हात स्थिर लागतो. इंजिनीअरिंगच्या वर्कशॉपमध्ये जॉब बिघडला तर सर ओरडतात आणि लोखंडाचा दुसरा तुकडा मिळतो. सुरुंगाच्या बाबतीत दुसरा तुकडा नसतो.

राणे या टप्प्यात नुसते पास झाले नाहीत, तर ते तुकडीतले सर्वोत्तम रिक्रूट ठरले. त्याबद्दल त्यांना कमांडंटची छडी बक्षीस मिळाली.

पहिली खरी परीक्षा कुठे झाली?

प्रशिक्षणानंतर त्यांची नेमणूक २६ व्या इन्फंट्री डिव्हिजनमधल्या २८ व्या फील्ड कंपनीत झाली. ही डिव्हिजन ब्रह्मदेशात जपान्यांशी लढत होती. आराकानची ती मोहीम फसली आणि माघारीचा हुकूम आला. माघार घेताना मागे कोणी तरी थांबावे लागते. शत्रूच्या उपयोगी पडेल असे काही शिल्लक राहू नये म्हणून सगळे उडवून देऊन सर्वात शेवटी निघायचे असते. बुथिडाँग इथे हे काम राणे यांच्याकडे आले. त्यांच्यासोबत दोन सेक्शन होते. काम उरकले की नौदल येऊन त्यांना घेऊन जाईल, असे ठरले होते.

काम ठरल्याप्रमाणे झाले. न्यायला मात्र कोणी आले नाही.

पुढे नदी, नदीवर जपान्यांची गस्त, मागे आपणच उडवून दिलेली सामग्री आणि आपले सैन्य केव्हाच निघून गेलेले. अशा वेळी काय करायचे, हे कुठल्याही कवायतीत शिकवलेले नसते. राणे यांनी आपल्या माणसांना घेऊन गस्त चुकवत नदी ओलांडली आणि बावली बाझार इथे डिव्हिजन गाठली. त्यांना तिथल्या तिथे हवालदार करण्यात आले.

परमवीर चक्राच्या गर्दीत हा प्रसंग मागे पडतो. माझ्या मते त्यांच्या पुढच्या कामगिरीची तयारी इथेच झाली. ठरलेली मदत येणार नाही, हे धरून चालायला माणूस अशाच प्रसंगात शिकतो.

शिपाई ते अधिकारी

१५ डिसेंबर १९४७ रोजी राणे सेकंड लेफ्टनंट झाले. वय २९. अकादमीतून याच हुद्द्यावर येणारी मुले विशीच्या आसपासची असतात. राणे यांच्या मागे सात वर्षांची सेवा होती. काल ज्यांच्याबरोबर फावडे मारले त्यांनाच आज हुकूम द्यायचा, ही अडचण बाहेरून दिसत नाही. स्थिरावायला वेळही मिळाला नाही. चार महिने पूर्ण होण्याआधीच ते काश्मीरच्या रणांगणात होते.

राजौरीचा रस्ता एवढा महत्त्वाचा का होता?

नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी हल्लेखोरांच्या ताब्यात गेली होती. तिथल्या नागरिकांवर भयंकर अत्याचार झाले. डिसेंबरमध्ये झंगडही हातचे गेले. ते १८ मार्च १९४८ रोजी ५० व्या पॅराशूट ब्रिगेडने परत घेतले. त्यानंतर नौशेराहून राजौरीकडे कूच करायचे ठरले.

अडचण रस्त्याची होती. डोंगरातला अरुंद मार्ग, त्यावर आडवी पाडलेली झाडे, मोठाले अडथळे आणि आजूबाजूला सुरुंग. रणगाडे पुढे गेल्याशिवाय पायदळाला आधार नाही आणि रस्ता मोकळा झाल्याशिवाय रणगाडे हलत नाहीत. म्हणजे सगळी मोहीम अडली होती ती ३७ व्या असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका छोट्या तुकडीवर. तिचे प्रमुख राणे होते.

सुरुंग काढतात कसे?

त्या काळी हाताने सुरुंग काढण्याची पद्धत सांगायला सोपी होती. जमिनीवर पालथे पडायचे. संगिनीचे टोक तिरपे धरून माती टोचत जायचे. उभे टोचायचे नाही, कारण दाब बसला की फुटणारी तबकडी सुरुंगाच्या वरच्या बाजूला असते. टोकाला काही टणक लागले की बोटांनी बाजूची माती काढायची. खाली दुसरा सापळा लावलेला असू शकतो, म्हणून सरळ उचलायचे नाही. मग पुढची वीतभर जमीन.

सरावाच्या मैदानावर हे करताना वेळ हाताशी असतो. नौशेराच्या पुढे वरून उखळी तोफा आणि मशीनगनचा मारा चालू होता.

८ ते ११ एप्रिल १९४८ : काय घडले?

८ एप्रिलला चौथ्या डोग्रा बटालियनने नौशेराच्या उत्तरेला ११ किलोमीटरवरची बरवालीची धार जिंकली. त्यापुढे सुरुंग आणि अडथळे लागले. राणे यांची तुकडी कामाला लागताच तोफमारा सुरू झाला. दोन सॅपर ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. छोट्याशा तुकडीतली सात माणसे पहिल्याच फटक्यात गेली किंवा जायबंदी झाली. तुकडी मागे घ्यायला एवढे कारण पुरेसे होते. राणे यांनी उरलेल्यांना गोळा केले आणि काम पुन्हा सुरू केले. संध्याकाळपर्यंत रणगाड्यांपुरती वाट झाली. रात्रीही काम थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सलग १२ तास काम. जिथे अडथळा हटत नव्हता तिथे रस्ताच बाजूने वळवला.

१० तारखेला पहाटेपासून पुन्हा सुरुवात. पाइनची पाच मोठी झाडे आडवी पडली होती. भोवती सुरुंग, वरून मशीनगनचा मारा. दोन तासांत ती वाट मोकळी झाली आणि सैन्य १३ किलोमीटर पुढे सरकले. मग आणखी मोठा अडथळा आला. त्याच्याकडे जाणारी प्रत्येक वाट शत्रूच्या माऱ्यात होती. राणे रणगाड्यात बसून अडथळ्यापर्यंत गेले, रणगाड्याचा आडोसा घेऊन त्यांनी तो स्फोटाने उडवला आणि रात्र संपण्याआधी रस्ता खुला केला.

या चार दिवसांतली सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट दोरीची आहे. राणे रणगाड्याच्या पोटाखाली, दोन्ही पट्ट्यांच्या मधल्या जागेत रांगत पुढे सरकत होते. आतल्या चालकाला इशारा द्यायला दोऱ्या बांधल्या होत्या. एक ओढली की थांब, दुसरी ओढली की चल. वरचे पोलाद गोळ्या अडवणार, पण चालकाची जराशी चूक झाली तर तेच पोलाद चिरडणार. माणसाने रांगायचे आणि यंत्राने त्याच्या गतीने चालायचे, असा हा हिशेब होता. आवाजात हाक ऐकू जाणार नाही, मग दोरी घ्या, हा विचार सफरमैनाला शोभणाराच आहे.

११ एप्रिलला ते १७ तास राबले. त्याच दिवशी चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. नौशेरा आणि राजौरीच्या साधारण मध्यावरचे हे ठिकाण म्हणजे जुन्या मोगल मार्गावरची सराई. पुढचा रस्ताही साफ होत गेला आणि १२ एप्रिलला सैन्य राजौरीला पोहोचले.

या चार दिवसांत राणे यांनी शत्रूची किती माणसे मारली, असा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तो त्यांच्या कामाचा भागच नव्हता. त्यांच्या नावावर मोकळा झालेला रस्ता आहे.

परमवीर चक्र कसे मिळाले?

हे पदक २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला लागू करण्यात आले. त्याचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांचा. जन्माने युरोपीय असलेल्या सावित्रीबाई मराठी लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून भारतीय झाल्या होत्या.

राणे यांचे परमवीर चक्र २१ जून १९५० रोजी जाहीर झाले. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात हे पदक पाच जणांना मिळाले. त्यातले तिघे रणांगणावरून परतले नाहीत. हयातीत मिळालेले दोघे म्हणजे राणे आणि करम सिंग. आजवरच्या २१ परमवीरांत कोअर ऑफ इंजिनीअर्सचे राणे एकटेच.

पदकानंतर काय?

या टप्प्याबद्दल फारसे लिहिले जात नाही. वयाच्या ३१ व्या वर्षी सर्वोच्च सन्मान मिळाल्यावर राणे यांनी आणखी १८ वर्षे नेहमीची नोकरी केली. बदल्या, छावण्या, कागदपत्रे. १९५५ मध्ये लग्न झाले. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. सेवाकाळात पाच वेळा त्यांच्या कामगिरीची अधिकृत अहवालात नोंद झाली होती. सैन्याने त्यांना पुन्हा कामावर घेतले आणि १९७१ च्या एप्रिलपर्यंत ते राबत राहिले. पुढचा काळ गाजावाजाशिवाय गेला. पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये त्यांनी अखेरचा श्वास घेतला, तेव्हा ते ७६ वर्षांचे होते.

शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावे दिली, त्यात राणे यांच्या नावाचे जहाज १९८४ मध्ये, त्यांच्या हयातीतच आले. २५ वर्षे तेल वाहून ते निवृत्त झाले. कारवारच्या किनाऱ्यावर चपळ युद्धनौका संग्रहालयाजवळ २००६ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. जानेवारी २०२३ मध्ये अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली. त्यातले एक बेट आता राणे यांच्या नावाचे आहे.