तराजूवाले शास्त्रज्ञ लाव्हाझिए

थोर शास्त्रज्ञ लाव्हाझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी फ्रान्स देशात पॅरिस शहरी झाला. ते पाच वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील वकील होते, म्हणून तेही वकिली शिकले. पण त्यांचे मन रसायनशास्त्रातच रमायचे.

त्या काळी पुष्कळ लोक म्हणायचे, पाणी खूप उकळलं की त्याची माती होते. कारण भांड्याच्या तळाला गाळ उरायचा. लाव्हाझिए यांनी काचेच्या बंद भांड्यात पाणी घालून ते १०१ दिवस तापवले. वाफ बाहेर जात नव्हती, परत भांड्यातच पडायची. त्यांनी आधी वजन केले व नंतरही केले. एकूण वजन तेवढेच भरले! नुसते भांडे मात्र हलके झाले होते. म्हणजे तो गाळ पाण्याचा नव्हता, काचेचा होता.

आपल्या चुलीत मोठं लाकूड घातलं तरी राख मूठभरच उरते. मग बाकीचं लाकूड जातं कुठं? ते धूर आणि वायू होऊन हवेत जातं. बंद भांड्यात जाळलं तर वजन कमी होत नाही आणि वाढतही नाही. हा नियम लाव्हाझिए यांनी १७८९ साली आपल्या पुस्तकात मांडला. पुस्तकातली चित्रे त्यांच्या पत्नी मारी यांनी काढली.

माझी ताई दहावीला आहे. तिच्या वहीत रासायनिक समीकरणे असतात. त्यांना हाच नियम लागतो. बाणाच्या डावीकडे जेवढे अणू तेवढेच उजवीकडे पाहिजेत. कमी पडले तर पदार्थाच्या पुढे आकडा लिहायचा. खालचा बारका आकडा बदलायचा नाही, नाहीतर पदार्थच बदलतो. हायड्रोजनचे २ रेणू आणि ऑक्सिजनचा १ रेणू मिळून पाण्याचे २ रेणू होतात. मी बोटांवर मोजलं. दोन्हीकडे हायड्रोजनचे ४ आणि ऑक्सिजनचे २ अणू आले.

लाव्हाझिए राजासाठी कर गोळा करणाऱ्या मंडळीतही होते. लोकांचा त्या मंडळीवर फार राग होता. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि ८ मे १७९४ रोजी त्यांना ठार मारण्यात आले. तेव्हा ते फक्त ५० वर्षांचे होते. हे वाचून मला लई वाईट वाटलं. माणूस मारला, पण त्याचा नियम कुणाला मारता आला नाही. तो अजून ताईच्या वहीत आहे.

इयत्ता चौथी