जॉन फॉन नॉयमन : प्रोग्रामला चौकटी आणि बाण देणारा गणितज्ञ

व्हिज्युअल प्रोग्रामिंगमध्ये ओळी लिहिण्याऐवजी चौकटी मांडून त्या तारांनी जोडतात. लॅबव्ह्यूसारख्या संपादकात एक चौकट बदलून तिच्या जागी दुसऱ्या प्रकारची चौकट ठेवता येते. जुळणाऱ्या तारा टिकतात, न जुळणारी तार तुटलेली दिसते. प्रोग्राम अशा आकृतीत मांडण्याची शिस्त ज्यांनी घालून दिली, त्यांपैकी एक म्हणजे जॉन फॉन नॉयमन.

त्यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमध्ये एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील बँकेच्या व्यवसायात होते. १९२६ मध्ये त्यांनी बुडापेस्ट विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. त्याच काळात झुरिचमध्ये रसायन अभियांत्रिकीचे शिक्षणही पूर्ण केले. १९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले आणि १९३७ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले.

तारांचे जंजाळ

दुसऱ्या महायुद्धात ते अणुबॉम्ब प्रकल्पात काम करत होते. तिथली आकडेमोड हाताने उरकणारी नव्हती. १९४४ च्या उन्हाळ्यात अ‍ॅबर्डीनच्या रेल्वे स्थानकावर त्यांची हर्मन गोल्डस्टाइन यांच्याशी भेट झाली आणि एनिॲक या यंत्राची माहिती मिळाली. सुमारे १८ हजार निर्वात नळ्यांच्या या यंत्रात तारा आणि बटणे म्हणजेच प्रोग्राम होता. गणित बदलले की जोडणी नव्याने करावी लागे आणि त्यात कित्येक दिवस जात.

१९४५ च्या अहवालात त्यांनी सूचना आणि आकडे एकाच स्मृतीत ठेवण्याची रचना मांडली. म्हणजे तारा न हलवता प्रोग्राम बदलता येणार होता. मात्र अहवालावर फक्त त्यांचेच नाव होते. एनिॲकचे निर्माते एकर्ट आणि मॉकली दुखावले गेले. श्रेयाचा तो वाद पुढे अनेक वर्षे चालला.

चौकटीचा प्रकार बदलला की

१९४७ पासून गोल्डस्टाइन यांच्यासह लिहिलेल्या अहवालांत त्यांनी प्रवाह आकृतीची पद्धत दिली. प्रत्येक चौकटीचा प्रकार ठरलेला होता. क्रिया चौकट गणित करते. पर्याय चौकट निवड करते, म्हणून तिच्यात एक बाण येतो आणि दोन बाहेर पडतात. विधान चौकट यंत्राला कोणतीही सूचना देत नाही, त्या टप्प्यावर काय खरे असले पाहिजे एवढेच ती नोंदवते.

त्यामुळे प्रकार बदलणे म्हणजे नुसते आकार बदलणे नव्हे. क्रियेच्या जागी पर्याय ठेवला, तर दुसरा बाण कुठे जाणार हे ठरवावेच लागते. विधानाच्या जागी क्रिया आली, तर यंत्राला एक काम वाढते.

१९४८ मध्ये एनिॲकची जोडणी एकदाच कायम करून त्यावर सूचनांनी चालणारा प्रोग्राम वापरला गेला. यंत्राचा वेग घटला, पण नवे गणित घालणे सोपे झाले. त्यावरचे अणुगणित सांकेतिक सूचनांत उतरवण्याचे मोठे काम फॉन नॉयमन यांच्या पत्नी क्लारा यांनी प्रवाह आकृत्यांच्या आधारे केले.

कर्करोगाने ८ फेब्रुवारी १९५७ रोजी वॉशिंग्टनमध्ये फॉन नॉयमन यांचे निधन झाले. ते ५३ वर्षांचे होते. चौकट बदलताना येणारे-जाणारे बाण तपासावेत, याची आठवण आज लॅबव्ह्यूसारखे संपादक तुटलेली तार दाखवून देतात.