ग्रेस हॉपर : तार हातात देऊन शिकवणाऱ्या बाई



आपली मुलं कॉलेजला गेली की कॉम्प्युटरचा कोर्स करतात. कुठलं बटण कुठे आहे ते त्यांना पाठ असतं, पण ते असंच का चालतं असं विचारलं की गप्प! म्हणून आज ग्रेस हॉपर यांच्याविषयी सांगते. 'कोबोल' या संगणकभाषेसोबत त्यांचं नाव तुम्ही वाचलं असेल. मला मात्र त्या आधी शिक्षिका वाटतात.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. लहानपणी घड्याळ कसं चालतं ते बघायला त्यांनी एक खोललं. ते परत जुळेना म्हणून दुसरं, असं करत सात घड्याळं खोलली! आईने त्यांना एका घड्याळावर आणलं, पण खोलणं बंद केलं नाही. (पालकांनो, हे बघा.)

१९३१ पासून त्या वासर कॉलेजात गणित शिकवू लागल्या. सूत्र शिकवलं की त्यावर मुलींना निबंध लिहायला लावायच्या आणि भाषाही तपासायच्या. मुली कुरकुरल्या, हा तर गणिताचा तास! पण दुसऱ्याला समजावता येत नसेल तर गणित शिकून उपयोग काय, असं बाईंचं म्हणणं.

दुसऱ्या महायुद्धात त्या नौदलात गेल्या. १९४४ ला हार्वर्डच्या मार्क १ या संगणकावर काम मिळालं. त्याची पाचशेहून जास्त पानांची माहितीपुस्तिका त्यांनीच लिहून काढली. १९५२ मध्ये कंपायलर तयार केला, तर संगणक फक्त आकडेमोड करतो म्हणून लोक विश्वासच ठेवेनात.

पुढे नौदलातले मोठे अधिकारी विचारायचे, उपग्रहामार्फत संदेश पोचायला इतका वेळ का लागतो? बाई सुमारे ३० सेंटीमीटरची तार हातात द्यायच्या, म्हणजे आपल्या कंपासपेटीतल्या दोन पट्ट्यांएवढी. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाते. आता तुमच्यापासून उपग्रहापर्यंत अशा किती तारा बसतील ते मोजा! मग मायक्रोसेकंदासाठी जवळजवळ ३०० मीटर तारेचं भेंडोळं काढायच्या. वेळ वाया घालवणाऱ्या प्रोग्रॅमरने हे गळ्यात अडकवावं, असंही त्या सुचवायच्या. ना प्रोजेक्टर, ना इंटरनेट.

ऑफिसात त्यांनी उलटं फिरणारं घड्याळ लावलं होतं. तेही वेळ बरोबर दाखवायचं, फक्त बघणाऱ्याला थांबून विचार करावा लागायचा.

१९८६ ला ७९ व्या वर्षी नौदलातून निवृत्त झाल्या, तरी व्याख्यानं चालूच होती. १ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. त्यांच्या त्या तारांची एक जुडी आज अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.